सुटा नट आणला, दोन आटे चढला आणि अडला: आता काय काय तपासायचं

मी काही इंजिनिअर बिंजिनिअर नाही, पण आमच्या बिल्डिंगमध्ये पान्ह्यांची पेटी असलेला मी एकटाच, त्यामुळे कुणाचा पलंग करकरला, गेटची कडी निघाली, सायकलचं स्टँड लोंबायला लागलं की बेल माझीच वाजते. आणि दर वेळी समोरचा माणूस पेपरच्या पुडीत तेलकट चार नट-बोल्ट घेऊन उभा असतो आणि म्हणतो, "काका, दुकानदाराने अगदी सेम दिलाय हो, पण बसतच नाहीये." या 'सेम'ने माझे बरेच रविवार खाल्लेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी तुमची तक्रार यातली कुठली ते बघा, सगळ्यांची कारणं वेगळी आहेत:

नट बोटाने दीड-दोन आटे मस्त जातो आणि मग गपकन थांबतो.

नट सुर्रकन शेवटपर्यंत जातो, पण हातात धरून हलवला तर डुगडुगतो, आणि पान्हा लावला की घट्ट व्हायच्या ऐवजी फिरतच राहतो.

नट पूर्ण आवळलाय, पान्हा आता हलत नाही, तरी पट्टी खुळखुळतेय.

आवळला तेव्हा ठीक होता, आठ-पंधरा दिवसांत सैल.

आवळताना बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं.

स्टेनलेसचा बोल्ट, नट अर्ध्यात गेला आणि आता ना पुढे ना मागे.

आता फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करू. पान्हा बाजूला ठेवा. नट बोटांनी जात नसेल तर पान्ह्याने घालायचा नाही, हा एवढा एक नियम पाळला तरी निम्मं नुकसान वाचतं. बोल्ट जुन्या फडक्याने पुसा, आट्यांत रंग, सिमेंट, गंज काय आहे ते जुन्या टूथब्रशने काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. मग नट आट्यावर सपाट टेकवा आणि आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेला फिरवा. फिरवता फिरवता बोटाला एक बारीक 'टक्' लागतं आणि नट किंचित खाली बसतो, तिथून सुलटा फिरवायला लागा. हे का करायचं, तर त्या 'टक्'च्या जागी बोल्टच्या आट्याचं तोंड आणि नटच्या आट्याचं तोंड समोरासमोर आलेलं असतं. तिरका चढलेला नटही दोन आटे जाऊन अडतो आणि आपण उगाच दुकानदाराला शिव्या घालतो. नाहीच गेला तर नट पालटा आणि दुसऱ्या तोंडाने लावून बघा, कधी कधी एकाच बाजूचा पहिला आटा चेपलेला असतो.

अजून अडतोय? मग दोष नटचा का बोल्टचा ते ठरवा. पुडीतला दुसरा नट याच बोल्टवर, आणि हाच नट दुसऱ्या बोल्टवर. एक नट सगळीकडे अडला तर नट खराब. एका बोल्टवर सगळे अडले तर बोल्ट खराब, बहुतेक तोंडाशी आपटलाय, कानशीचे दोन हात मारले की जातो. पण सगळेच नट सगळ्याच बोल्टवर दीड आट्यावर अडत असतील तर माल खराब नाहीये, मापं वेगळी आहेत, आणि खरी भानगड तिथे आहे.

आपल्याकडे दोन भाषा एकाच खोक्यात राहतात. एक सूत, एक एमएम. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे दोन सुती बोल्ट पाव इंचाचा, अडीच सुती ५/१६ इंचाचा, तीन सुती ३/८ चा, चार सुती अर्ध्या इंचाचा. यांचे आटे मुळात इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या मापाचे, आट्याचा कोन ५५ अंश. एमएमवाल्यांचा कोन ६०. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली पण गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, टाकीचं स्टँड असलं जे काही गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने केलंय ते आजही बऱ्याचदा सुतातच असतं, आणि बाइक, मशीन, ऑनलाइन मागवलेलं फर्निचर एमएममध्ये. दुकानात मात्र दोन्ही शेजारी शेजारी, आणि गिऱ्हाईकाने हाताळून चुकीच्या खणात परत टाकलेले वेगळेच.

अडीच सुती आणि ८ एमएम ही जोडी सगळ्यात जास्त छळते. अडीच सुती म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि ८ एमएमचा बोल्टही प्रत्यक्षात मोजला तर ८ भरत नाही, ७.८-७.९ च भरतो. म्हणजे डोळ्याला सेम, हाताला सेम, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावला तरी सेम! फरक आट्यांच्या अंतरात, ज्याला दुकानात पिच म्हणतात. ८ एमएमचं साधं पिच १.२५ मिलिमीटर, अडीच सुतीला एका इंचात १८ आटे, म्हणजे साधारण १.४१. पहिल्या आट्याला हा फरक कळत नाही, दुसऱ्याला घासायला लागतं, तिसऱ्याला नट थांबतो. आमच्या मागच्या गेटच्या कडीसाठी मी स्वतः असा फसलोय. बोल्ट अडीच सुती, दुकानातून नट आणला ८ चा, तो अडला, मला वाटलं रंग असेल, लावला पान्हा, आणि गेला की हो तो, चांगला अर्धा आत गेला. बोल्टचे आटे सोलून चकचकीत तारेसारखी एक बारीक कुरळी लोंबत बाहेर आली तेव्हा कळलं काय करून बसलो ते. पुढे आठवडाभर वॉचमनकाका ते गेट सुतळीने बांधत होते.

यावर उपाय फुकट आहे. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी आडवे धरा, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवा, दोन कंगवे एकमेकांत घालतो तसे, आणि उजेडाकडे धरून बघा. पिच एक असेल तर दोन्ही गच्च मिटतात, मधून उजेड येत नाही. वेगळं असेल तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला आट्यावर आटा चढून फट दिसते. हे काउंटरवरच करायचं, घरी येऊन नाही, पाच सेकंद लागतात आणि दुकानदार पण मग जरा नीट खण उघडतो. जुना बोल्टच नसेल, फक्त नट असेल, तर नट घेऊन जा आणि नवा बोल्ट त्यात पूर्ण लांबीभर फिरवा. दोन आटे चढले म्हणून पुडी बांधून घेऊ नका.

मोजायचंच असेल तर शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. एका आट्याच्या शेंड्यापासून पुढचे दहा आटे मोजा. ६ एमएमला १० मिलिमीटर भरतील, ८ ला साडेबारा, १० ला पंधरा. दोन सुतीला १२.७, अडीच सुतीला १४.१, तीन सुतीला जवळपास १६. बोल्ट आखूड असेल तर पाच मोजून दुप्पट करा. पान्ह्यावरून माप ओळखायला जाऊ नका, १० एमएमच्या बोल्टचं डोकं जुन्या पद्धतीत १७ चं, नव्या पद्धतीत १६ चं, आणि बाइकवर १४ चं पण सापडतं, आटे सगळ्यांचे १० चेच. (जाता जाता, मोबाइल-कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू जगभर पाव इंच, २० आट्यांचा असतो, म्हणजे आपला दोन सुतीच. हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला चालतो, मी चालवलाय.)

आता दुसरं लक्षण, नट सुर्रकन जातो पण डुगडुगतो. याला मी जास्त घाबरतो. जो बसत नाही तो निदान सांगतो तरी की बाबा मी तुझा नाही. तीन सुती बोल्ट ९.५ मिलिमीटरचा, पिच १.५९, आणि १० एमएमच्या नटचं पिच १.५. पिच इतकं जवळ आणि बोल्ट अर्ध्या मिलिमीटरने बारीक, त्यामुळे हा बोल्ट त्या नटमधून आरामात जातो, हलका आवळला तर धरतो पण, आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता. आत मात्र आटे नुसते टोकाटोकाला एकमेकांना धरून असतात. वजन आलं, धक्का बसला की सगळे एकदम सोलतात. एकांनी टेरेसवरच्या कपड्याच्या दांडीला हे जोडपं लावलं होतं, चार महिने टिकलं आणि एका पावसाळ्यात ओल्या चादरींसकट खाली आलं. खाली कुणी नव्हतं हे नशीब. तर तपासणी अशी: नट बोल्टच्या मध्यावर आणा आणि बाजूला ढकलून हलवा. अगदी बारीक हालचाल प्रत्येक नटला असते, पण टकटक आवाज होईल इतका हलत असेल तर ती जोडी फेकून द्या, डब्यात 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवू नका, कारण ती कधीतरी लागतेच.

तिसरं लक्षण, घट्ट आहे पण खुळखुळतंय. इथे आट्यांचा काही दोष नसतो, लांबी चुकलेली असते. दुकानात लांब बोल्ट बहुतेक हाफ थ्रेड असतात, म्हणजे डोक्याकडचा भाग गुळगुळीत आणि आटे फक्त टोकाकडे. तुमची पट्टी पातळ असेल तर नट आटे संपतात तिथे जाऊन अडकतो, पान्ह्याला घट्ट लागतो, पण पट्टीला टेकलेलाच नसतो. वॉशर घालून बघा, दोन-तीन वॉशरमध्ये काम झालं तर झालं, नाहीतर फुल थ्रेड बोल्ट मागा. लांबी डोक्याच्या खालून मोजतात, फक्त ज्याचं डोकं लाकडात बुडतं त्या सीएसकेची डोक्यासकट. आवळल्यावर नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत, कारण टोकाचा आटा नेहमी अर्धवट असतो, तो धरायच्या कामाचा नाही.

सैल होणाऱ्याला बहुतेक लोक स्प्रिंग वॉशर घालतात. घाला, पण फार भरवसा ठेवू नका, थरथरणाऱ्या जागी तो कधीच चपटा होऊन गप्प बसतो. पंप, मिक्सरचा स्टँड, सायकलचं मडगार्ड अशा जागी नायलॉक नट लावा, ज्याच्या तोंडाशी आतून नायलॉनचं कडं असतं. तो बोटाने शेवटपर्यंत जात नाही, तिथे पान्हा लागणारच, बोटांचा वरचा नियम याला लागू नाही. एकदा काढला की नवा घ्या, दोन-चार रुपयांसाठी जुनाच परत लावायचा आणि मग सैल झाला म्हणायचं हे बरोबर नाही.

डोकं तुटलं तर आधी डोक्यावर काही कोरलंय का बघा. ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की तुटायची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन, आणि दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती भागावर बोल्ट कायमचा ताणला जातो, ८.८ चा ८० टक्क्यांवर. सोप्या भाषेत, ८ एमएमचा ८.८ चा बोल्ट सरळ ओढून तोडायला साधारण ३ टन लागतात, ४.६ चा दीड टनात जातो. वजनावर मिळणाऱ्या सुट्या मालावर बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं. असा बोल्ट नावाची पाटी, कुंड्यांचं स्टँड, टेबलाचा पाय इथे बिनधास्त लावा. माणसाचं वजन येणार असेल तिथे नको. आणि पान्ह्याला पाइप घालून लांब करून आवळायची सवय असेल तर ती सोडा, ८ च्या बोल्टला तुमच्या मनगटाचा जोर भरपूर झाला.

स्टेनलेसचं दुखणं वेगळं. आवळताना त्याच्या अंगावरचा पातळ थर घासून जातो आणि धातूला धातू चिकटतो, मग नट आणि बोल्ट एकच वस्तू होते. तेल किंवा ग्रीस लावून हाताने सावकाश फिरवला तर सहसा होत नाही, ड्रिल मशीनने भर्रकन घातला की हमखास होतं. चिकटल्यावर झटापट करू नका, कापून काढायचा, दुसरा इलाज नाही. दुकानात लोहचुंबक लावून, तो चिकटत नाही म्हणून "बघा, अस्सल ३०४" (स्टेनलेसची चांगली जात) असं दाखवतात त्यावर जाऊ नका, स्वस्तातल्या २०२ जातीला पण चुंबक चिकटत नाही. डोक्यावर ए२-७०, म्हणजे ३०४, कोरलेलं असेल ते घ्या. मालवण-रत्नागिरीकडे अगदी समुद्राकाठी असाल तर ए४, म्हणजे ३१६.

आता पैसे आणि हत्यारं लागणारी कामं. बोल्टचे आटे थोडेच बिघडलेत तर बोल्टच बदला, डाय, म्हणजे बोल्टवर आटे कापायचं हत्यार, मारत बसण्यात अर्थ नाही. पण भोकातले आटे बिघडलेत, म्हणजे गेटच्या जाड पट्टीतले वगैरे, तर टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार, मारावा लागतो. टॅप योग्य मापाचाच हवा, अडीच सुती भोकात ८ चा टॅप घातला की होतं नव्हतं तेही जातं. तेल टाकून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा मोडतो आणि टॅप अडकत नाही. टॅप ठिसूळ असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही, म्हणून कधी केलं नसेल तर पहिला प्रयोग भंगारातल्या पट्टीवर करा. आणि त्याआधी आटे उलटे तर नाहीत ना ते बघा, सायकलचं डावं पेडल आणि टेबल फॅनच्या पात्याचं टोपण उलट्या आट्यांचं असतं, ते उजवीकडे फिरवून सुटतं, आपण नेहमीसारखं डावीकडे फिरवत अजून आवळत बसतो.

बाइकच्या आरशाबद्दल एक वेगळं सांगतो कारण महिन्याला एक तरी येतो. त्याचं भोक बहुतेक १० एमएमचंच असतं पण पिच बारीक, १.२५. हार्डवेअरमधला १० चा बोल्ट १.५ चा. दोन आटे चढतो, अडतो, जोर लावला की ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट फाटतं आणि आरशापेक्षा महाग पडतं. काही गाड्यांना तर उजव्या आरशाला उलटे आटे असतात. गाडीचा बोल्ट गाडीच्या स्पेअर पार्टवाल्याकडूनच आणा.

दुकानाचं म्हणाल तर कोपऱ्यावरच्या रंग-सिमेंट-नळ विकणाऱ्याकडे चार नग घ्यायला हरकत नाही, पण माप नक्की नसेल तर जिथे फक्त नट-बोल्टच विकतात तिथे जा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर. तिथला माणूस "पिच काय?" असं विचारतो, आणि ज्याने हे विचारलं त्याच्याकडे मी दोन रुपये जास्त देतो. एकच नग मागितला की तोंड वाकडं करतात हे खरंय, म्हणून मी पूर्ण सेट, नट-वॉशरसकट, दोन जास्तीचे घेतो आणि जागेवरच प्रत्येक नट फिरवून बघतो. मागे रांग लागली तरी.

आणि कुठे हात लावायचा नाही ते. सीलिंग फॅनचा हुक आणि त्याचा बोल्ट, छताला टांगलेला झोपाळा, बाळाचा पाळणा टांगायची कडी, गाडीचे ब्रेक, चाकाचा ॲक्सल, व्हील नट, गॅसच्या शेगडीचं किंवा रेग्युलेटरचं काहीही. इथे नट बसला का नाही हे तुम्हाला आवळताना कळत नाही, तुटल्यावर कळतं. तसंच इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट फिरतच राहायला लागला, किंवा कुठल्याही ॲल्युमिनियमच्या भागातला बोल्ट आत मोडला, तर तिथेच थांबा. छिन्नी-हातोडी काढली की लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. आटे गेलेल्या भोकात तो स्प्रिंगसारखं हेलिकॉइल बसवून मूळ मापाचे आटे परत करून देतो. त्याच्याकडे जाताना नुसतं "१० चा आहे" असं सांगू नका, ती वस्तू न्या, मोडलेला तुकडा न्या, आणि पुडीतला तो 'सेम' बोल्ट पण न्या, म्हणजे काय घातलं होतं ते त्याला कळेल.